हळदीच्या पाण्यातलं कटर

बदलापूर गावात सोनियाची हळद होती. नखं करायला तिची मामेबहीण ऋतिका शहरातल्या कॅम्प दोनच्या पार्लरमधून आली होती. सोनियाची आजी वेणू खाटेवर बसून कौतुकानं बघत होती. तिच्या काळी लग्नघरी सखू न्हावीण यायची. एकाच नराणीनं साऱ्या बायकांची नखं काढायची, वर गावभरच्या बातम्या पुरवायची.

ऋतिका मात्र प्रत्येकीसाठी पाकिटातून वेगळं, शुद्ध केलेलं कटर काढी. बायका वाढल्या तशी पाकिटं संपली. शेवटच्या कटरनं वेणूच्या लेकीचं, मधुआत्याचं, नखाकडचं कातडं काढताना रक्त आलं. नवरी अजून राहिली होती. हे कटर आता नको, ऋतिका म्हणाली. वेणू हसली. हळदीच्या पाण्यात बुडव म्हणाली, घरची माणसं काय गिऱ्हाईक आहेत?

पार्लरमध्ये ऋतिका अडून बसली असती. इथे तिनं कटर हळदीच्या पाण्यात बुडवलं, सॅनिटायझरनं पुसलं आणि सोनियाचा हात धरला. अंगठ्याशी बारीक लाल रेघ उमटली. सोनियाला कळलंही नाही.

बाहेर हळदीची गाणी सुरू झाली. मधु आईजवळ टेकली आणि हळूच म्हणाली की, माझ्या लिव्हरमध्ये 'बी'ची कावीळ लपून बसलीय म्हणतात डॉक्टर. सासरी सांगितलेलं नाही. मागे सामान आवरणाऱ्या ऋतिकाचे हात थांबले.

मधु बाहेर गेल्यावर ऋतिका वेणूकडे वाकली. "आजी, तो विषाणू सुकल्या रक्तातही आठवडाभर जगतो. हळदीनं मरत नाही. सोनियाला आजच लस द्यायला हवी."

"उद्या लग्न लागल्यावर नेली तर?"

"उशीर होईल."

वेणूला थोरली जाऊ आठवली. एका लग्नसराईनंतर ती गेली, पाठोपाठ नणंद. दोघींचे डोळे पिवळे. तेव्हा सगळ्यांनी विहिरीला दोष दिला होता. सखू पुढच्या घरी नखं काढत राहिली.

वेणू उठली. गाणाऱ्या बायकांतून वाट काढत तिनं सोनियाचं ओलं, पिवळं मनगट धरलं.

"हिला आत्ता दवाखान्यात न्यायचंय."

गाणं तुटलं. कशाला, असं मधुच्या सासूनंच विचारलं. वेणूनं मधुकडे पाहिलं. मग मधु उठून उभी राहिली आणि सासूकडे न बघता सांगू लागली.