घासलेल्या अडसराला लागलेली बोली

मित्रांनो, अडसर म्हटले की तुम्हाला दाराला आडवा घातलेला लाकडी दांडा आठवेल. मीही अडसरच, पण दाराचा नव्हे, बंदुकीचा. पोलादाचा, जुना, आणि तुमच्या करंगळीच्या नखाहून जरासा मोठा. बंदुकीच्या पोटात एक जोरकस स्प्रिंग असते आणि तिच्या पुढे एक टोकदार सुई. ती सुई सुटून काडतुसावर आपटली की बार उडतो. त्या सुईला मागे धरून ठेवायचे, एवढेच माझे काम. चाप ओढला तर मी बाजूला व्हायचे, नाही ओढला तर जागचे हलायचे नाही. लोक चापाचे नाव घेतात, नेमाचे कौतुक करतात. धरून ठेवणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नसते आणि तेच बरे असते. माझे नाव लोकांच्या तोंडी आले तेव्हा फार वाईट झाले होते.

माझा जन्म अमेरिकेत, कनेटिकटमधल्या एका कारखान्यात झाला. आज तिथे गाद्यांचे दुकान आहे. कारखान्यात हेलन नावाच्या एक बाई आम्हा अडसरांची धार भिंगाखाली तपासत. धार म्हणजे माझी ती एक बारीक कड, जिच्यावर सुईचा सगळा भार पेलायचा. जरा कमीजास्त दिसले की त्या आम्हाला भंगाराच्या डब्यात टाकत, दयामाया नाही. मला त्यांनी तीनदा उलटसुलट पाहिले आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा पठ्ठ्या काही केल्या सोडायचा नाही बघ." मला मिळालेली ती पहिली शाबासकी. खरी म्हणावी अशी शेवटचीही तीच.

आमची बंदूक विकत घेतली रेइनो लाहटेलाने. तो मिशिगनच्या उत्तर टोकाला, सुपीरियर सरोवराकाठी, तांब्याच्या खाणीत काम करी. त्याचे आजीआजोबा फिनलंडहून आलेले, घरात अजून त्यांचीच भाषा चाले. पंधरा नोव्हेंबरला तिकडे हरणांची शिकार सुरू होते. त्या दिवशी खाणीत माणूस सापडत नाही आणि शाळेत मास्तर. पाच वर्षे मी नेमाने धरले, नेमाने सोडले. रेइनो घरी आला की बंदूक पुसायचा, तेल द्यायचा, कापडात गुंडाळून ठेवायचा. मी सुखात होतो.

सहाव्या वर्षी चाळीस पावलांवरचे एक मोठे हरीण त्याच्या हातून सुटले. शेजारचा आर्ने त्याचा जिवलग दोस्त, खाणीतला जोडीदार. त्याने चार माणसांत त्याची टोपी उडवली.

"अरे, चाप ओढत होतास की गाईचं दूध काढत होतास? बिचारं हरीण तुझी वाट बघून कंटाळून गेलं!"

सगळे हसले. पुढे आर्नेची बायको झालेली इर्मा कॉफी ओतत होती, तीही हसली. रेइनो हसला नाही. चाप जड आहे, ओढताना हात हलतो, असे त्याने मनाशी ठरवून टाकले. दुसऱ्या दिवशी त्याने मला बाहेर काढले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले आणि बारीक दगडावर माझी धार घासायला घेतली. चाप हलका करायची ही घरगुती युक्ती तिकडे पुष्कळांना ठाऊक होती. हेलनबाईंनी भिंगातून पारखलेली कड त्याने पंधरा मिनिटांत घालवली. मला ओरडावेसे वाटत होते. पोलादाला तोंड नसते.

"लोण्यासारखा झालाय बघ आता," तो आर्नेला म्हणाला. आर्नेने रिकामा चाप ओढून पाहिला आणि मान डोलावली. मग आजूबाजूचे बरेच जण येऊन चाप ओढून गेले. सगळ्यांनी वाखाणले. मी मात्र आता सुईला मुठीत धरत नव्हतो, नुसत्या बोटाच्या टोकाने धरत होतो.

दोन हंगाम तसे धरले. तिसऱ्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी, ऊन उतरत असताना, दोघे ट्रकपाशी परत आले. आर्ने ट्रकच्या पुढच्या बाजूला उभा राहून थर्मासमधून कॉफी ओतत होता. रेइनो बंदूक रिकामी करत होता. आमच्या बंदुकीला एक छोटी कळ असते. ती मागे असली की बार उडत नाही, पण काडतुसे काढायची तर ती पुढे सारावीच लागते. रेइनोने कळ पुढे सारली. सगळा भार माझ्या त्या घासलेल्या कडेवर आला आणि मी निसटलो.

चापाला कोणी हातही लावला नव्हता.

आर्नेच्या लग्नाला तेव्हा पाच महिने झाले होते. पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतले आणि ते खरेही होते. पण महिनाभराने रेइनो इर्माकडे गेला, मला तळहातावर ठेवून तिच्यापुढे धरले आणि म्हणाला, "हा मी घासला होता. माझ्या हातानं घासला होता." इर्माने माझ्याकडे पाहिले. मग एवढेच म्हणाली, "फेकून दे तो." पुढच्या उन्हाळ्यात ती सरोवराच्या दुसऱ्या टोकाला, डुलुथ शहरात निघून गेली.

रेइनोने बंदुकीची नळी आणि सांगाडा गोठलेल्या तळ्यात भोक पाडून सोडून दिला. मला मात्र फेकवेना. तो वाकडा खिळासुद्धा सरळ करून ठेवणारा माणूस. त्याने आपल्या आजीच्या भाषेत एका कागदावर लिहिले: हा वाईट आहे, वापरू नये. तो कागद माझ्याभोवती गुंडाळला आणि मला तंबाखूच्या डबीत घातले. डबी गॅरेजच्या फळीवर गेली. मी तिथे पन्नास वर्षे होतो. मला कोणी विचारले नाही आणि माझी काही तक्रार नव्हती. माझ्यासारख्याची ती योग्य जागा होती.

मग रेइनो म्हातारा होऊन वारला आणि त्याचा नातू डॅरिल गॅरेज आवरायला आला.

डॅरिल चाळिशीचा, बोलका, मनाने वाईट नाही. त्याला आजोबांच्या वस्तू इंटरनेटवर लिलावात विकायच्या होत्या. अख्खी बंदूक विकायची तर कागदपत्रे लागतात, चौकशी होते. आम्हा तुकड्यांना काही लागत नाही. आम्ही शर्टाच्या बटणांसारखे पाकिटात बसून टपालाने कुठेही जातो. डॅरिलने बंदुकीचा अक्रोडाचा दस्ता आधी विकायला ठेवला. काय सुरेख दस्ता तो! त्याला एकच बोली लागली, बावीस डॉलर. मग त्याने गंजलेला एक स्क्रू ठेवला, तर दोन माणसे त्याच्यासाठी हमरीतुमरीवर आली आणि स्क्रू साठ डॉलरला गेला. डॅरिलने डोक्याला हात लावला.

"मार्ला, हे लोक वेडे आहेत की मी?" त्याने बायकोला विचारले.

"कारखाना बंद पडलाय ना. ज्याचा जो तुकडा मोडला त्याला तोच हवा," मार्ला म्हणाली. "कोणाचं काय मोडलंय हे तुला कुठे दिसतं?"

खरे होते ते. त्या लिलावात वस्तूची किंमत वस्तूवर ठरत नसे. दूर कुठेतरी बसलेल्या दोन अनोळखी माणसांची गाठ पडते की नाही, यावर ठरे.

माझा फोटो काढताना डॅरिलने तो कागदही शेजारी पसरला, जुनी चीज जुनी वाटावी म्हणून. कागद कोणालाच वाचता येईना. भाषांतरासाठी मार्लाने फोन त्यावर धरून पाहिला, पण तेलाच्या डागाने निम्मी अक्षरे खाल्ली होती. फोन म्हणाला, ढगाळ हवामान. दोघे पोट धरून हसले. खाली डॅरिलने लिहिले: दुर्मीळ अडसर, चालू स्थितीत, बोली पाच डॉलरपासून.

चार दिवस कोणी फिरकले नाही. मला वाटले, सुटलो. पाचव्या दिवशी चाळीसची बोली आली आणि तिच्यापाठोपाठ एक निरोप. डॅरिलने तो मोठ्याने वाचला: "हा अडसर घासलेला आहे. ह्यानं एका माणसाचा जीव गेला आहे. कृपा करून विकू नका."

मार्लाचा चेहरा उतरला. डॅरिलने पुन्हा पडद्यावर पाहिले आणि फिदीफिदी हसला.

"कोणी पाठवलाय बघ. जिनं चाळीसची बोली लावली तिनंच! माल वाईट म्हणायचं, बाकीच्यांना पळवून लावायचं आणि आपण स्वस्तात घ्यायचा. इतका वाईट आहे तर हिला कशाला हवाय?"

मित्रांनो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होते. ती इर्मा होती, फोटोतल्या कागदावरून तिने मला ओळखले होते, आणि तिला मी फेकून देण्यासाठी हवा होतो. पन्नास वर्षांपूर्वी सांगितलेले काम ती आता स्वतः करायला निघाली होती.

शेवटचा दिवस रविवार. चर्चमधून येऊन दोघे वेलचीचा पाव आणि कॉफी घेऊन पडद्यापुढे बसले. विस्कॉन्सिनमधला एक माणूस बोलीत उतरला होता. त्याने साठ म्हटले की इर्मा ऐंशी म्हणे. त्याने शंभर म्हटले की ती दीडशे. खरे सांगतो, आधी मला गुदगुल्या झाल्या. पन्नास वर्षे डबीत काढलेल्या तुकड्यासाठी दोन माणसे भांडत होती! पण आकडे चढत गेले तशी माझी हौस फिटली. आतापर्यंत मी एक किरकोळ तुकडा होतो. इर्माच्या प्रत्येक बोलीने मी अनमोल होत चाललो होतो. मला नाहीसे करण्यासाठी ती जितकी झटे, तितका तो दुसरा माणूस मला घट्ट धरून बसे.

"चारशे! अगं चारशे झाले!" डॅरिल खुर्चीवरून उठला.

इर्मा सहाशे चाळीसवर गेली. शेवटची तीन सेकंदे उरली असताना विस्कॉन्सिनहून सहाशे पंचावन्न आले आणि लिलाव संपला. डॅरिलने मार्लाचा हात धरून स्वयंपाकघरात दोन गिरक्या घेतल्या.

संध्याकाळी दुसरा निरोप आला. "मी आकडा टाकत होते तोवर वेळ संपली. माझी बोटं आता हळू चालतात. मी इर्मा, आर्नेची बायको. तुझ्या आजोबांनी हाच अडसर मला दाखवला होता. त्या कागदावरची भाषा मला येते, उरलेल्या अक्षरांवरून कळतं काय लिहिलंय ते: हा वाईट आहे, वापरू नये. ज्यानं घेतला त्याला एवढं तरी कळव."

या वेळी डॅरिल हसला नाही. त्याला आठवले असावे की आजोबांनी त्याला कधी शिकारीला नेले नाही, आणि दर पंधरा नोव्हेंबरला ते दिवसभर सॉनात, म्हणजे घरामागच्या वाफेच्या खोलीत, एकटे बसून राहत.

"आता तरी कळव त्याला," मार्ला म्हणाली.

"कळवलं की तो पैसे परत मागणार."

"मग दे परत."

डॅरिलने मला दोन बोटांत धरून फिरवले. मग म्हणाला, "तो काय लहान आहे का? लावायच्या आधी बघेल ना तपासून. आणि कागद घालतोच आहे की पाकिटात. त्यात लिहिलंय ना सगळं? मग झालं तर."

 मार्लाने पाकिटावर पत्ता लिहिला. तो कागद घेणाऱ्याला वाचता येणार नाही हे दोघांनाही ठाऊक होते.

मला घेणारा गॉर्डन हा शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, बायको गेल्यापासून एकटा राहणारा गृहस्थ. त्याच्या वडिलांची माझ्याच जातीची बंदूक अडसर तुटून पडून होती. त्याची मुलगी जोलीन, दूरच्या गावी नर्स, आठ वर्षांनी शिकारीच्या पहिल्या दिवसासाठी घरी येणार होती, आणि तिच्या हातात आजोबांची बंदूक द्यायची एवढाच त्याचा ध्यास होता. माझ्यावर राग धरावा असे त्या माणसात काही नव्हते.

त्याने मला बसवले. रिकाम्या बंदुकीची कळ तीस वेळा मागेपुढे केली. मी तीसही वेळा धरले. मी एकतिसाव्याला निसटलो असतो तर किती बरे झाले असते! पण तो तिसाला थांबला. भिंगाखाली त्याने मला पाहिले नाही. कशाला पाहील?

"बाबा, एवढ्याशा तुकड्याला सहाशे पंचावन्न?" जोलीनने आल्या आल्या त्याला झापले.

"अगं, कोणीतरी शेवटपर्यंत पिच्छा सोडत नव्हतं माझा! एवढी मारामारी उगाच होते का? चीजच तशी असणार."

"आणि हे काय?"

भिंतीवर, बंदुकीच्या खुंटीच्या वर, रेइनोचा कागद चौकटीत बसवून टांगला होता.

"आधीच्या मालकाचा आहे. जुना शिकारी होता म्हणे. 'शिकार चांगली होवो' असंच काहीतरी लिहिलेलं असणार."

"छान अक्षर आहे," जोलीन म्हणाली. तिने खुंटीवरून बंदूक काढून खांद्याला लावून पाहिली आणि वडिलांकडे बघून हसली. गॉर्डनचे डोळे भरून आले.

मित्रांनो, ही कालची गोष्ट. आता सकाळ झाली आहे आणि मला फार वेळ नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. जुनी वस्तू हातात घ्याल तेव्हा तिला काय भाव आला ते विचारू नका, तिच्या हातून काय घडले ते विचारा. जे धोक्याचे आहे ते डबीत जपून ठेवू नका, मोडून टाका. एखाद्याचा इशारा तुमच्या हाती आला तर तो समोरच्याला त्याच्या भाषेत सांगा. आणि बंदूक कितीही भरवशाची असली तरी तिचे तोंड माणसाकडे कधी, कधीही नेऊ नका. कळीवर विसंबू नका. माझ्यावर तर मुळीच नाही.

बर्फातून पायवाट अरुंद आहे. गॉर्डन नारिंगी कोट घालून पुढे चालतो आहे, जोलीन मागे. नळी जमिनीकडे आहे, तेवढे तिला आजोबांनी शिकवलेले. गॉर्डन थांबतो, हात वर करतो. झाडीत काहीतरी हलले आहे. तो बाजूला व्हायच्या आधीच जोलीन बंदूक उचलते. तिचा अंगठा कळीवर येतो.

हेलनबाई, मी धरतो आहे. बोटाच्या टोकाने का होईना, धरतो आहे.

कळ पुढे सरकते आहे.