आठवं वाचन

"पन्नास... एक्कावन्न..." स्टॉपवॉचकडे बघत सरिता पुटपुटली. संगणकावरची निळी पट्टी पाऊणभर येऊन अडकली होती.

"याच्या आधी पेठची एसटी येईल, ताई," नवसाबाई म्हणाली. ती या आरोग्य केंद्रात अठरा वर्षं नर्स होती. गरोदर बायकांच्या नोंदी आता तिच्या वहीऐवजी संगणकावर व्हायच्या होत्या. सॉफ्टवेअर सरिताच्या नाशिकच्या कंपनीचं. ते इथल्या टेलिफोनच्या तारेवर चालतं का, हे तपासून तिने सही करायची होती. सही झाली की पुढच्या महिन्यापासून वही बंद.

ऑफिसात हेच पान चार सेकंदांत उघडायचं. इथे ते उघडायला लागणाऱ्या वेळाची सकाळपासून सात वाचनं झाली होती. सातही साठ सेकंदांच्या मर्यादेत, सरासरी अठ्ठावन्न. हे आठवं. पहाटेच्या बसने तिची पाठ धरली होती.

बाकावर पाड्यावरून चालत आलेली भागीबाई होती. आठवा महिना, पाय सुजलेले.

"डोकं लय दुखतंय, बाई."

नवसाबाईने रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला. "मागल्या खेपेला किती होतं, बघा हो."

"उघडतंय," सरिता म्हणाली.

नवसाबाईने थुंकी लावून वहीचं पान उलटलं. "एकशे तीस. आज एकशे सत्तर. ताई, तार सोडा. गाडी बोलवायचीय."

तार एकच होती. संगणकाला लावली की फोन मुका. सरिताने पडद्याकडे पाहिलं. पट्टी सरकायला लागली होती. तिने तार उपटून फोनला लावली.

गाडी पाऊण तासाने आली. ती भागीबाईला घेऊन गेल्यावर सरिताने तक्त्यात लिहिलं: 'आठवं वाचन. पान उघडलं नाही. नर्सला फोन हवा होता.' खाली सॉफ्टवेअरबद्दल शेरा: 'अमान्य.'

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिच्या वरिष्ठांनी, धनराजसरांनी, कागद पुढे सरकवला. "हे आठवं काढून टाका. तार तुम्हीच काढलीत ना?"

"हो."

"मग आमच्या सॉफ्टवेअरची काय चूक?"

"चूक नाही, सर. पण तिथे असंच होणार. पेशंट गंभीर झाला की आधी फोन."

"मॅडम, सात वाचनं पास आहेत."

"आणि आठवं आहे."

सर हसले. "तुम्ही सायन्सवाले म्हणजे..."

सरिताने सही केली नाही. वाद घालायची ताकदही नव्हती. शुक्रवारी तिच्याऐवजी ऑफिसातल्या तृप्तीने सही केली, सात वाचनांच्या तक्त्यावर. त्या दिवशी डबा खाताना ती सरिताच्या टेबलाशी आली नाही.

महिनाअखेरीस नवसाबाईचा फोन आला. "भागी सुटली बरं का! पोरगी झाली. बारीक हाय, पण रडते लय." मग म्हणाली, "ताई, वह्या न्यायला शिपाई आलता. नव्या काय येणार नाय म्हणं."

रविवारी सरिताने दोनशे पानी वही आणली. पट्टी घेऊन रकाने आखले: नाव, पाडा, महिना, रक्तदाब. शेवटच्या पानापर्यंत आखायला दुपार गेली.

सोमवारी कामावर जायच्या आधी ती स्टँडवर गेली. पेठच्या गाडीच्या कंडक्टरने पुडकं हातात तोललं.

"काय आहे यात?"

"वही," ती म्हणाली. "दवाखान्यात नवसाबाईंच्या हातात द्या. भिजू देऊ नका."