बुडू म्हणजे काही मासा नव्हे

बस इथं, पायरीवर, सावलीला. पोटभर जेवलास, बोटांवर पाणी घेतलंस, आता निवांत ऐक. ज्याच्या घरी जेवलास त्या पोक देरामनची, म्हणजे आपल्या देरामनकाकाची, आणि त्याच्या मांजरीची गोष्ट सांगतो. तो आत पडलाय, त्याला ऐकू गेलं तरी हरकत नाही. ही गोष्ट तो स्वतःच चहाच्या दुकानात सांगत फिरतो, आणि दर खेपेला स्वतःला आधीपेक्षा मोठं गाढव करून सांगतो. मी आपली जरा आवरून सांगतो.

मागचे रांजण बघितलेस ना? देरामनचा बाप बुडू करायचा, आजा बुडू करायचा, हाही तेच करतो. मांदेलीएवढी बारकी मासळी, मीठ, वर झाकण, आणि मग उन्हात महिनोन्‌महिने मुरत ठेवायचं. त्याचं जे दाट तपकिरी पाणी होतं, तो बुडू. आपल्या किनाऱ्यावर त्याच्याशिवाय भात घशाखाली उतरत नाही. आयुष्यभर रांजणांत हात घालून देरामनच्या कातडीत तो वास असा मुरलाय की त्याच्या स्वतःच्या नाकाला तो येतच नाही. बाकी गावाला तो वळणावर असतानाच येतो.

पोरं लांब दक्षिणेला, जोहोरला नोकरीला गेली, तेव्हापासून घरात त्याला बोलायला दोघीच उरल्या. एक बायको मेक यम आणि दुसरी मांजर सूरी. पूर्ण नाव परमाइसुरी, म्हणजे राणीसाहेब. त्यातली मेक यम उलट बोलते, म्हणून जास्त बोलणं सूरीशीच.

रोज रांजणांवरून आला की तो इथंच, या पायरीवर बसायचा. सूरी मांडीवर चढायची आणि त्याची बोटं एकेक करून चाटायची. अंगठ्यापासून सुरू, करंगळीवर बंद, मग दुसरा हात. देरामन डोळे मिटून बसायचा आणि बायकोला ऐकवायचा, "बघ जरा. लग्न झाल्यापासून तू कधी माझा हात असा प्रेमानं हातात घेतलास?"

मेक यम म्हणायची, "तुमचा हात मी नाकापासून लांब ठेवला म्हणून तर संसार टिकला."

तर ही सूरी आजारी पडली. आधी मान खाजवायला लागली, मग मानेवरचे केस गेले, मग कानामागं रक्त. त्यात उलट्या आणि जुलाब. तांदळाच्या कोठीखाली जाऊन बसायची, बाहेर यायची नाही. आजारी जीवाला आपण काय देतो? चांगला मासा. देरामननं बाजारातून ताजा बांगडा आणला, उकडला, स्वतः काटे काढले, बशी कोठीखाली सरकवली. तिनं चार घास खाल्ले आणि सगळं ओकून टाकलं. त्यानं दुसऱ्या दिवशी आणखी चांगला बांगडा आणला. पुढं तो सांगतो, "मी तिला मारत होतो, पण माझ्यासारखे काटे काढून कोणी मारत नाही."

पाणी प्यायचंही तिनं सोडलं, तेव्हा मेक यमनं टोपली काढली आणि म्हणाली, "आता तुमची डॉक्टरकी पुरे."

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर सुहैला होती. आपल्याच भागातली पोर, बोलायला मोकळी. तिनं सूरीच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी लगेच खाली बसायला पाहिजे, पण तशीच तंबूसारखी उभी राहिली.

"पोक, हिच्या अंगात पाणीच उरलं नाही," डॉक्टर म्हणाली. "आणि मला वाटतं हिला मासा सोसत नाही. ॲलर्जी आहे."

देरामनला वाटलं पोर थट्टा करतेय. "डॉक्टर, ही मांजर आहे."

"ते दिसतंय मला."

"आणि ती बुडूवाल्याच्या घरची मांजर आहे."

"मग तर नशीबच म्हणायचं तिचं. मासा बंद. ताजा नाही, सुका नाही, डोकं नाही, शेपटी नाही. कोंबडी आणि गाईचं मांसही नको, ते तिनं पहिल्यापासून खाल्लंय. जे तिच्या तोंडाला कधी लागलं नाही ते द्या."

"बदक?"

"चालेल. नुसतं पाण्यात उकडायचं. वर काही घालायचं नाही, मीठसुद्धा नाही."

मग तिनं सूरीच्या कातडीखाली सलाईन सोडलं. खांद्याशी फुगा आला, हळूहळू जिरला. घरी पाणी पाजायला सुईविना सिरिंज दिली आणि पोकला समोर बसवून सांगितलं, "पाणी पोटात गेलं नाही तर हिच्या किडन्या जातील. मग माझ्याकडं आणून उपयोग नाही."

परत येताना देरामननं बाजारातून बदक घेतलं. मेक यम सांगते, भाव न करता काही घेताना तिनं त्याला लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं.

पाणी पाजणं म्हणजे मोठी लढाई झाली. पहिली सिरिंज देरामनच्या दाढीत गेली. दुसरी मेक यमच्या कानात. तिसऱ्या वेळी त्यानं सूरीचं डोकं मागं वाकवून पाणी सोडलं तर तिला ठसका लागला, आणि तिनं त्याच्या मनगटावर अशी रेघ ओढली की बघून घे, खूण अजून आहे. शेवटी त्यानं तिला जुन्या लुंगीत गुंडाळलं, डॉक्टरनं सांगितलं तसं ओठाच्या कोपऱ्यातून, दाताच्या बाजूनं थेंबभर सोडलं आणि थांबला. गळा हलला. मग पुढचा थेंब. मधे थांबायचं असल्यामुळं बोलायला वेळ मिळायचा, आणि त्यानं तिला पोरांच्या, पावसाच्या, मेक यमच्या सगळ्या तक्रारी सांगितल्या. ती लुंगीत बांधलेली, करणार काय? ऐकून घेतलं.

पण बदक काही ती खाईना. हुंगायची आणि तोंड फिरवायची. देरामननं स्वतः तुकडा तोंडात टाकून बघितला. ओलं फडकं चघळल्यासारखं लागलं.

"हे आजारी माणूस खाईल का?" तो मेक यमला म्हणाला. "जरा चव नको?"

"डॉक्टरनं मीठ नको सांगितलंय."

"मीठ कुठं घालतोय?"

आणि त्यानं आतून बाटली आणली आणि बोटाच्या टोकानं लावला थोडासा बुडू. चवीपुरता. सूरीनं बशी चाटून लख्ख केली. देरामनची छाती फुगली. संध्याकाळी चहाच्या दुकानात सगळ्यांना म्हणाला, "औषधातलं डॉक्टरला कळतं, पण मांजराच्या जिभेतलं आपल्याला कळतं." मी तिथंच होतो. आम्ही माना डोलवल्या. एकालाही काही सुचलं नाही, हे लक्षात घे. सगळं दुकान बुडूवर वाढलेलं.

सकाळी सूरीचे कान पुन्हा रक्ताळले होते आणि ओकलेलं बदक अंगणात पडलं होतं. डोळे आत गेलेले. सिरिंजनं सोडलेलं पाणी ओठावरूनच ओघळायला लागलं. देरामननं टोपली उचलली आणि मेक यमची वाट न बघता निघाला.

डॉक्टरनं पुन्हा सलाईन लावलं. "मासा दिलात, पोक?"

"अल्लाशप्पथ, काटासुद्धा नाही."

"नुसतं बदक?"

"नुसतं बदक."

"आणि काय?"

"पाणी."

"आणि?"

"आणि काय, चवीला बुडू."

डॉक्टर अगदी हळू आवाजात म्हणाली, "पोक, बुडू कशाचा करतात?"

"मासळीचा," म्हणता म्हणता देरामननं कपाळावर हात मारला. आता तू म्हणशील, एवढं कळू नये? अरे, आपल्याकडं आई पोराला काय सांगते? आज मासा नाही रे, बुडूशी खा. जन्मभर हेच ऐकलेलं. मासा वेगळा, बुडू वेगळा. ज्यानं आयुष्यभर टोपल्याच्या टोपल्या मासळी रांजणांत ओतली, त्याच्या डोक्यात ती रांजणात शिरली की मासळी राहायचीच नाही. बुडू, बुडू म्हणत गडी खरंच बुडाला होता.

"माझी आईही बुडूला मासा म्हणत नाही," डॉक्टर म्हणाली. "चूक माझी पण आहे. मी विचारायला हवं होतं."

तेवढ्यात टोपलीतून सूरीनं मान लांब केली. अंगात त्राण नव्हतं, तरी देरामनचं बोट गाठलं आणि चाटायला लागली. अंगठ्यापासून.

"हे रोज करते?" डॉक्टरनं विचारलं.

"रोज. दोन्ही हात. फार जीव आहे तिचा माझ्यावर," देरामन म्हणाला. बोलताबोलता त्याची नजर आपल्या बोटावर गेली. मग डॉक्टरच्या तोंडाकडं. ती हसू दाबत होती. त्यानं हात हळूच मागं घेतला आणि लुंगीखाली लपवला.

घरी आल्यावर त्यानं मेक यमला सगळं सांगितलं, काही न वगळता. ती हसली नाही. नुसती म्हणाली, "म्हणजे राणीसाहेबांचं प्रेम रांजणावर होतं."

"तुझं निदान तसं नाही," देरामन म्हणाला.

"माझं कुठंच नाही. चला, हात धुवा."

मग धुणं सुरू झालं. साबण, लिंबू, राख, परत साबण. रांजणांवरची लुंगी तिकडंच खुंटीला, विहिरीवर आंघोळ, मग घरात पाऊल. पण हात स्वच्छ झाले की नाही हे ज्याच्या नाकाला कळत नाही त्यानं काय करायचं? मेक यमकडं हात न्यायचा. ती हुंगायची आणि म्हणायची, "अजून." तोवर सूरीला हात लावायचा नाही. बदक मेक यम भरवायची, पाणीही तीच पाजायची, आणि हा दारात उभा राहून सांगायचा, "बाजूनं सोड. थांब. गळा हलू दे." बदकही आता तो उकडताना सुटलेल्या बिनमिठाच्या रश्शात कोमट करून द्यायला लावायचा, म्हणजे वास सुटतो आणि खाण्याबरोबर पाणीही जातं. आधी तिनं रस्सा चाटला. मग एक तुकडा.

शेवटची परीक्षा सूरीचीच होती. मेक यमनं "चालेल" म्हटलं की देरामन लांबून तळवा पुढं करायचा. सूरीनं जीभ काढली की निमूट उठून विहिरीवर. ज्या चाटण्याची गावभर फुशारकी मारली, ते थांबावं म्हणून माणूस नमाजात दुवा मागत होता. आणि ती चाटायची तेव्हा बरंही वाटायचं, हेही तो सांगतो. लाज नाही त्याला.

मग एका दुपारी त्यानं हात पुढं केला. सूरीनं हुंगला. नुसता साबण. तिनं परक्या माणसाकडं बघावं तसं बघितलं आणि तोंड फिरवलं.

"झालं," देरामन आत बघून म्हणाला. "ओळखत नाही मला आता." आणि डोळे पुसले. म्हणाला, साबण गेला.

सूरी उठली. वाटीपाशी गेली आणि स्वतःच्या जिभेनं पाणी प्यायली, बराच वेळ, लपलप आवाज करत. सिरिंज मेक यमच्या हातातच राहिली. मग सूरी परत आली, देरामनच्या मांडीवर चढली आणि त्याच्याकडं पाठ करून बसली. तो इतका वेळ हलला नाही की पाय बधिर झाला आणि नमाजाला मेक यमला धरून उठावं लागलं.

तेव्हापासून ती बदकावर आहे, आणि बदक महाग म्हणून हे दोघं सुक्या मासळीवर. मानेवरचे केस परत आलेत, बघ, तीच ती, शेपूट वर करून निघालीय. तुझ्याकडंच येतेय. फुगू नकोस, तुझ्यावर काही जीव जडलेला नाही तिचा. आज आपण बुडूभात खाल्लाय, आणि बोटांवर नुसतं पाणी घेतल्यानं तो जात नाही. तेवढं कर बाबा, तिला हात लावायच्या आधी ऊठ. विहिरीवर साबण आहे, लिंबूही आहे. हात नीट धुऊन ये.