बॉनेट गार होईपर्यंत

आंटी सेर्वाने बॉनेटवर तळहात ठेवला आणि तितक्याच झटकन उचलला.

"आत्ताच फिरवून आणली का रे?"

"छे, आंटी," जुन्या गाड्या विकणारा ट्वुमासी म्हणाला. "उन्हानं तापलंय."

सकाळचे साडेसात वाजले होते आणि अख्ख्या कुमासी शहरावर ढग पसरले होते. आंटी सेर्वाने तेहतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सुईणपण केलं होतं. 'फारसं दुखत नाहीये' म्हणणाऱ्या बायांकडे ती ज्या नजरेनं बघायची, त्याच नजरेनं तिनं ट्वुमासीकडे पाहिलं.

निवृत्तीचे सगळे पैसे ती या गाडीत घालणार होती. तिच्या गावाकडच्या कच्च्या रस्त्यावर टॅक्सीवाले अडलेल्या बाईला घेत नाहीत, सीट खराब होते म्हणतात. तेव्हा आपणच न्यायचं, असं तिनं ठरवलं होतं.

पारख करायला तिनं क्वार्तेंग फिटरला आणलं होतं. हात मिळवताना त्यानं आणि ट्वुमासीनं चुटकी वाजवली ती चांगली मुरलेल्या दोस्तांसारखी. मग क्वार्तेंग गाडीखाली डोकावला, उठला आणि म्हणाला, "गंज नाही, गळती नाही. गिअर तर लोणी. घेऊन टाका."

आंटीनं दार उघडून गाडीतलं पायपुसणं उचललं. पत्र्याला गंजाची खपली होती.

"हा गंज नव्हे, आंटी," क्वार्तेंग म्हणाला, "रंग आहे."

"बरं. आता इंजिन गार झाल्यावर सुरू करून दाखवा."

"गरम असताना सुरू होतंय की."

"गरम इंजिन सगळ्यांचंच गोड बोलतं. बाळं काही इंजिन तापायची वाट बघत नाहीत."

"गार व्हायला दुपार होईल," ट्वुमासी म्हणाला.

"तोवर मी बसते."

आल्या आल्या रीतीप्रमाणे ट्वुमासीनं तिला स्टूल आणि प्यायला पाणी दिलं होतं. पाणी दिलेल्या पाहुण्याला उठवायचं म्हणजे चार लोकांत तोंड दाखवायची सोय राहत नाही. आता त्याच्या लक्षात आलं की पाणी जरा घाईनं दिलं.

तिनं पिशवीतून उकडलेल्या शेंगा काढल्या. नऊ वाजता एक शिक्षक गाडी बघायला आला. त्यानं विचारलं, "आंटी, तुम्ही कशासाठी बसलाय?" तिनं सांगितलं. शिक्षकानं आपल्या पसंतीच्या गाडीच्या बॉनेटला हात लावला आणि तोही शेजारच्या टायरवर बसला. अकरापर्यंत बसणारे पाच झाले. शेंगा संपल्या.

"आंटी, धंद्याची वाट लावताय," ट्वुमासी हळूच म्हणाला.

"मी बसलेय फक्त."

साडेबाराला बॉनेट गार झालं. ट्वुमासीनं चावी फिरवली. इंजिन घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. चौथ्या वेळी सुरू झालं, पोटात कुणी हातोडी मारतंय असा आवाज आला आणि मागून निळा धूर निघाला. तो ओळीनं बसलेल्या पाचांवरून आरामात गेला.

"किरकोळ खोकला आहे," क्वार्तेंग म्हणाला.

"मास्टर, हा खोकला नाही. तेल जळतंय. तुम्ही आता घरी गेलात तरी चालेल," आंटी त्याला म्हणाली.

ट्वुमासीनं किंमत कमी करायची तयारी दाखवली. आंटीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, स्टूल उचललं आणि ट्वुमासीनं मघाशीच फिरवून आणलेल्या पुढच्या गाडीसमोर ठेवलं. बॉनेटला हात लावला. गरम. ती बसली. बाकीचेही तिच्यामागे सरकले.

ट्वुमासीनं ओळीतल्या उरलेल्या गाड्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "उद्या पहाटे या. एकाही गाडीला हात लावणार नाही, शपथ."

"मी पाचलाच येईन."

ती पाचला आली. सगळी बॉनेटं दवानं ओली होती. पहिल्या सहा गाड्यांनी खोकून, धूर सोडून आपापली हकीकत सांगितली. सातवी, दारं वेगवेगळ्या रंगांची आणि काच तडकलेली, पहिल्याच फिरकीला सुरू झाली. धूर नाही, हातोडी नाही. आंटीनं दहा मिनिटं ती तशीच चालू ठेवली, तेल पाहिलं, क्लच दाबला, रिव्हर्स टाकला.

"ही कशी काय बरी निघाली?" तिनं विचारलं.

"हिच्याकडे कुणी बघतच नव्हतं," ट्वुमासी म्हणाला, "म्हणून मी हिला रंग फासला नाही, की इंजिनाला हात लावला नाही."

तेव्हा कुठे आंटी सेर्वाने किंमत विचारली.