नळीतली रुई

पहाटे साडेपाचला गफूरमिस्त्री उठले. टँकरच्या रांगेत दोन घागरी लावून आले आणि बाजेवर बसून कोरा चहा प्यायले. दुष्काळात दूध घेणं त्यांच्या बायकोनं, बेगमबीनं, कधीच बंद केलं होतं. मग सवयीनं ते जिनिंगसमोर येऊन उभे राहिले. कापसातली सरकी काढणारी इथली यंत्रं, हे रेचे, सव्वीस वर्षं त्यांनी सांभाळले होते. जिनिंग बंद पडली. पुढं लातूर जिल्हा झाला, कचेऱ्यांना जागा पुरेना, आणि या पत्र्याच्या शेडमध्ये सरकारी दप्तरं येऊन बसली.

चावी मलप्पाच्या कमरेला होती. जन्मभर बाहेरच्या ओट्यावर रुईच्या गठाणी उचलणारा मलप्पा आता खाकी सदऱ्यातला शिपाई झाला होता.

"या मिस्त्री, च्या घ्या. साह्यबाची पत्ती हाय!"

"तुलाच गोड लागू दे."

बोलता बोलता मिस्त्रींची नजर स्टोव्हवर खिळली. मलप्पानं तो नेमका रुई ओढून नेणाऱ्या पत्र्याच्या नळीखाली पेटवला होता. नळीत वर्षानुवर्षांची रुई दडलेली. रेच्यावरच्या माणसानं तिथं विडीसुद्धा पेटवली नसती; पण मलप्पा कधी आत राबलाच नव्हता.

मिस्त्री तसेच माघारी वळले. एक ठिणगी, की उतरला खाकी सदरा! तीन दिवस हा विचार ते गुळाच्या खड्यासारखा चघळत राहिले.

तिसऱ्या दिवशी जेवताना बेगमबी म्हणाली, "मलप्पाची बायको नीलम्मा बी तिथंच झाडायला लागली म्हणं. लई खूश हाय."

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. आजवर त्यांच्या डोळ्यांपुढं नुसता सदरा जळत होता.

दुसऱ्या दिवशी कचेरी भरण्याआधीच त्यांनी मलप्पाला गाठलं. "चावी दे. अन् स्टो बाहेर ओट्यावर ने. वरची नळी रुईनं ठासून भरलीय."

मलप्पाचा चेहरा उतरला. "मंग इतके दिस का न्हाई सांगितलं?"

"आज सांगायलो ना."

दहापर्यंत मिस्त्रींनी शिडीवर चढून नळीतली चार पोती रुई काढली. साहेब आले, वर बघून म्हणाले, "शाब्बास मलप्पा! वेळेवर सुचलं तुला. मजूरही कामाचा शोधलास."

मलप्पा तोंड उघडणार, तोच मिस्त्रींनी मानेनंच त्याला थांबवलं. पलीकडची नळी अजून राहिली होती. शिडी उचलून त्यांनी ती तिकडच्या भिंतीला लावली.