अळणी समुद्र

समुद्र कुठे आणि यवतमाळ जिल्ह्यातलं नेर कुठे! पण सरकारी सवलतीच्या वासानं माणसं कुठेही जातात. तशीच एक कंपनी नेरच्या रस्त्यावर आली आणि पत्र्याच्या शेडमध्ये जहाजांसाठी फ्युएल सेल बनवू लागली. खोलीएवढं यंत्र ते. एका बाजूनं हायड्रोजन घ्यायचं, दुसरीकडून हवा, आणि जहाज चालेल एवढी वीज द्यायचं. पण समुद्रावरची हवा खारी, आणि खार आत शिरला की सेल खराब होतो. म्हणून शेडमध्येच खाऱ्या पाण्याचं धुकं सोडून त्याची परीक्षा घ्यायची. ते काम इंजिनिअर वर्षाचं.

वाडवडील बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरले आणि ही पोरगी पगार घेऊन मीठ उडवते, असं तिची याडी लालीबाई आईच्या हक्कानं चिडवायची. संध्याकाळी वर्षा तांड्यावर परतली की ओठ इतके खारट असायचे, की भाजीत मीठ आहे की नाही तेच कळायचं नाही.

यंत्र दोनदा मेलं. तिसऱ्यांदा मात्र चालतच राहिलं. शेडमध्ये पेढे वाटले. वर्षानं पेढा तोंडात टाकला आणि थबकली. तो नुसता गोड लागत होता. तिनं ओठ चाटले, धुक्यात हात धरून चाटला, मग ज्या टाकीतून धुकं सुटायचं तिच्यातलं पाणी चाखलं. साधं बोअरचं पाणी!

ती तशीच शेडच्या मुख्य साहेबांकडे गेली. यज्ञेश्वरराव, यवतमाळच्या शिकल्यासवरल्या घरातले, कपाळावर गंध आणि तोंडात सदा ‘बेटा’.

“साहेब, टाकीत मीठ काहून नाही?”

“बेटा, मीठ टाकलं की मशीन मरते. दोनदा पाह्यलं ना? मग कायले टाकायचं?”

“अन् जहाजावर? भर समुद्रात बंद पडली तर माणसं बुडतीन!”

“उद्या जहाजवाले येऊन राह्यले. परीक्षा पास झाल्याच्या कागदावर त्यांचे कप्तान सही करतीन, खाली तू करशीन. घरून जाऊन-येऊन करता येईल अशी नोकरी तुले या जिल्ह्यात दुसरी नाही भेटणार.” आणि त्यांनी पेढ्यांचा डबा पुढे सरकवला.

वर्षाला किळस आली. त्या डब्याची, त्या गंधाची, त्या ‘बेटा’ची. चोर निदान चोरी लपवतो; हा माणूस चोरीचे पेढे वाटत होता. आणि त्यातला एक आपणही गिळला, याची तिला जास्त शिसारी वाटली.

दुसऱ्या दिवशी कप्तान आले. समुद्रावर जन्म काढलेला माणूस, त्याला फार सांगावं लागणार नाही, असा वर्षाचा हिशेब. सगळ्यांसमोर तिनं टाकीतून पेला भरला आणि त्यांच्या हातात दिला.

“साहेब, हा आमचा समुद्र. चाखून पाहा.”

यज्ञेश्वररावांचं तोंड उतरलं. कप्तानांनी घोट घेतला. टाकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांना कळलं होतं. तिला ते त्यांच्या डोळ्यांत स्वच्छ दिसलं.

मग त्यांनी पेला घटाघटा रिकामा केला.

“तुमच्याकडचं पाणी फार गोड आहे,” ते म्हणाले. मिशी पुसली आणि सही केली.

सगळे हसले. पेन वर्षाकडे आलं.

“कर बेटा.”

तिनं पेन घेतलं नाही. पेला उचलला, टाकीतून पुन्हा भरला, खळखळून चूळ भरली आणि कागदावर बरोबर आपल्या नावावर थुंकली.

“ही घ्या माही सही,” ती म्हणाली, आणि आपला जेवणाचा डबा घेऊन बसच्या रस्त्याला लागली.