खालून धुतलेली गाडी

अन्सारने पान्याच्या दांड्यावर तीन फुटी पाइप चढवला, पाय गॅरेजच्या खड्ड्याच्या भिंतीला रोवले आणि अंगातला सगळा जोर त्या एका बोल्टवर टाकला. बोल्ट हलला नाही. त्याच्या कडा तेवढ्या झिजल्या, डोकं साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत झालं आणि पाना सटकून अन्सारच्या बोटांची सालं निघाली.

"तुह्या बनवणाऱ्याच्या..."

वर गाडीवाल्याची पोर दीपा उभी होती, म्हणून त्याने पुढचं गिळलं.

सकाळी नवाला गाडी खड्ड्यावर आली होती. आता एक वाजत होता. डिझेल पाजून झालं, हातोडी झाली, गॅसच्या ज्योतीने लाल करून झालं. चारातले दोन बोल्ट निघाले, तेही तुकड्या-तुकड्यांनी. वणीच्या रस्त्यावर बावीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्या माणसाला एका बोल्टने असं रडवावं, याचाच त्याला संताप येत होता. या पट्ट्यात कोळशाची धूळ भाकरीवर बसते, फुफ्फुसात बसते, गाडीखाली बसते. तिची तक्रार घेऊन जावं तर खुर्चीवरचा माणूस आधी स्वतःची खुर्ची पुसतो. पण धुळीने इतकं होत नाही. हे काही वेगळंच होतं.

"किती वेळ लागन, अन्सार?" डोमाजीने खड्ड्याच्या काठावरून विचारलं.

"काका, वरून तुमची गाडी नवरी हाय, अन् खालून कबरस्तान."

दीपा हसली. तिचा बाप हसला नाही. खाणीतल्या पंपावर सव्वीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. वीस वर्षं जुनी मारुती त्याने अशी ठेवली होती की दारात बघून भांग पाडावा. उद्या दीपा चाळीस किलोमीटरवरच्या उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू होणार होती. जायला दोन बस, त्यातल्या दुसरीचा भरवसा नाही. म्हणून गाडी आजपासून पोरीची. पुढच्या चाकातून कटकट आवाज येतो, तेवढा काढून दे, एवढंच काम होतं.

अन्सारने बोल्टभोवतीची माती काढायला स्क्रूड्रायव्हर लावला. तो मुठीपर्यंत आत गेला. आवाजही झाला नाही. खारी बिस्किटाचे पापुद्रे सुटावेत तसा पत्रा सुटून त्याच्या तोंडावर पडला. चाकाची सगळी जोडणी ज्या पत्र्याला धरून असते, तोच हा पत्रा.

"कोन्या नालायकानं सडवली ही?" तो डोळे चोळत ओरडला. "समुद्राकाठची गाडी बी अशी होत नाही!"

"नालायक कोनाले म्हनतं बे?" डोमाजी खाली वाकला. "दर रविवारी खालून धुतो मी तिले. तूच सांगितलं होतं. कोळशाची धूळ लोखंड खाते काका, खालून पानी मारत जा. धा वर्षं झाले. एक रविवार चुकला नाही. आज इथं आनली म्हनून, नाही तर आता तेच करत असतो."

अन्सारला आठवलं नाही, पण त्याने सांगितलंच असणार. हात पुसता पुसता तो सगळ्यांनाच सांगायचा.

"पानी कोनतं मारता?"

"खानीचं, अजून कोनतं? पंपानं उपसून वरती फेकतात ते. साहेबाच्या मागं लागून म्या आमच्या घराईच्या लाइनीपर्यंत पाइप आनला. काचेसारखं साफ. साबनाले फेस येत नाही, एवढंच."

अन्सारने खाली पडलेला एक पापुद्रा बोटांत चुरडला. मग त्याने विचारलं, "काका, खानीत तुमच्या पंपाचे बोल्ट कसे निघत होते?"

"निघत?" डोमाजीला हसू आलं. "कापाच लागे. सहा महिन्याले नवे टाकत होतो. पाइप बी चाळनी होऊन जाये. पानीच तसं..."

त्याचा हात हवेत राहिला.

सव्वीस वर्षं त्या पाण्याने खाल्लेलं लोखंड त्याने स्वतःच्या हाताने बदललं होतं. पण ते खाणीचं काम होतं आणि हे घरचं. दोन्ही एकाच पाण्यावर चालतात, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं.

"पत्रा ठोकून दे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "वरून डांबर मार. उद्याचं निभू दे."

असे पत्रे अन्सारने कितीतरी ठोकले होते. लोक खूश होऊन गेले होते. तो खड्ड्याबाहेर आला आणि स्क्रूड्रायव्हर त्याने दीपापुढे धरला.

"ताई, तुमी उतरा. चाकापाशी खुपसून पाहा."

ती उतरली. स्क्रूड्रायव्हर तिच्याही हातून मुठीपर्यंत आत गेला. मग तिने विचारलं, "चाक इथंच धरलेलं असते, अन्सारभाऊ?"

"इथंच."

ती वर आली, ओढणीवरचा गंज झटकला. "बाबा, मी बसनं जाईन."

"दोन बस हायत, माय."

"असू दे."

"चूक माही हाय, काका," अन्सार म्हणाला. "धुवा म्हटलं. पानी विचारलं नाही."

"तू गप राय. पानी म्या आनलं." डोमाजीने हे असं तोडून म्हटलं, जणू अन्सार त्याच्या हातातली वस्तू घेऊन चालला होता.

मग त्याने घड्याळ पाहिलं आणि घाईघाईने खिशातून फोन काढला.

"उकंडा, कुठं हायस?... पाइपापाशी? जीप लावली का खाली?... काढ तिले बाहेर. पानी बंद कर."

पलीकडचा शेजारी इतका मोठ्याने बोलत होता की अन्सारलाही ऐकू येत होतं. "काहून? नंबर लागले ना सगळ्याईचे! रिक्षा हाय, दोन फटफट्या हायत. तूच तं रविवारी गाड्या धुवाची लाइन लावून देल्ली!"

"घरी आल्यावर सांगतो."

डोमाजीचा अंगठा फोन बंद करायला खाली आला आणि काचेच्या वरच थांबला. त्याने एकदा पोरीकडे पाहिलं. फोन पुन्हा कानाला लावला.

"उकंडा, थांब. आत्ताच आयक. अन् आवाज मोठा कर फोनचा, सगळ्याईले आयकू येऊ दे."